वाफसा येईपर्यंत

आईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन अमरावतीला झालं तेव्हा मी शाळेत होते. ती घरी आल्यावर गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आणि आई प्रत्येकीला तीच गोष्ट नव्या उत्साहानं सांगायची.

"हाताच्या शिरेत सुई देल्ली न बाई, आन तोंडात एकदम लसनाची चव आली. लसनाची! मंग काय झालं मले मालूमच नाही. डोळे उघडले तं पोटाले पट्टी."

ओसरीवर बसलेले बाबा तिथूनच बोलायचे, "तिकडं डॉक्टर पोट फाडून रायला आन हे आपली बाजारात बसली. हिले सपनातही लसूनच दिसते."

बायका हसायच्या. आई रागवायची, पण गोष्ट बदलायची नाही.

आमचं गाव दर्यापूरच्या पलीकडे, अंजनगावच्या अंगाला आहे. खारपाणपट्टा संपतो आणि विहिरींना गोडं पाणी लागायला सुरुवात होते, तिथे. आमच्या घरात कांदा, लसूण, वांगी, मेथी आणि पालक पिकवून विकण्यातच पिढ्या गेल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मग दर्यापूरला, मग अमरावतीला औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला गेले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. वर्गात इंग्रजी समजायचं, पण बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी मधल्या बाकावर गप्प बसून सगळं उतरवून घ्यायचे.

एके दिवशी सरांनी भूल देणारी औषधं शिकवायला घेतली. फळ्यावर एक षटकोन काढला आणि म्हणाले, "ही बार्बिच्युरेट्स. यातलं हे थायोपेंटोन. पिवळसर भुकटी असते, पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. हातातलं रक्त मेंदूपर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस झोपतो. आणि गंमत म्हणजे, झोपण्याआधी काही पेशंटांना तोंडात लसणाची किंवा कांद्याची चव येते."

माझं पेन थांबलं. तास संपल्यावर मी सरांच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि आईची गोष्ट सांगितली. सांगताना वऱ्हाडीच तोंडात आली. सर हसले नाहीत. त्यांनी मला परत वर्गात नेलं आणि पुसायच्या राहिलेल्या षटकोनावर खडूनं एक अक्षर गिरवलं. "इथे ऑक्सिजन होता, त्याच्या जागी गंधक बसवला. लसणाच्या वासातही गंधकच असतो. तुझ्या आईला सांग, तिचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते पुस्तकात छापलेलं आहे."

शनिवारी घरी गेल्यावर मी ते सांगितलं. आई भाजीच्या जुड्या बांधत होती. तिनं सुतळी खाली ठेवली आणि बाबांकडे बघितलं.

"पाहा! पुस्तकात हाये."

बाबा म्हणाले, "मंग आता तुले अमरावतीले शिकवाले पाठवू काय?"

त्या गंधकाची करामत नुसत्या चवीपुरती नसते. त्याच्यामुळे हे औषध चरबीत सहज विरघळतं, आणि मेंदू बराचसा स्निग्ध पदार्थांचाच बनलेला असल्यामुळे रक्तातून थेट त्यात शिरतं. तिथे पेशींच्या भिंतींवर अतिशय बारीक दारं असतात. मेंदूला शांत करणारं एक रसायन आपल्या शरीरातच तयार होतं. ते आलं की ही दारं क्षणभर उघडतात, क्लोराइडचे कण आत येतात आणि पेशी थोडी निवते. बार्बिच्युरेट त्या दाराला टेकू लावून धरतं, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं. पेशीमागून पेशी गप्प होत जाते आणि माणूस झोपतो. मात्रा वाढवली तर हे औषध शरीरातल्या रसायनाची वाटही पाहत नाही, दार स्वतःच उघडतं. म्हणूनच ते जपून द्यावं लागतं. दुखणं ते थांबवत नाही, रक्तदाब उतरवतं, आणि मेंदूतल्या ज्या जागेवरून श्वासाचा हुकूम सुटतो, ती जागाही झोपवू शकतं.

त्या तासाला मला सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. एका सुईनं आलेली झोप थोड्याच वेळात उतरते, पण शरीरानं औषध संपवलं म्हणून ती उतरत नाही. औषध मेंदूतून निघून स्नायूंत जातं, तिथून चरबीत. ते शरीरातच असतं, फक्त मेंदूत उरलेलं नसतं. वर्गातल्या मुलींना हे घोटून पाठ करावं लागलं. मला नाही. सुट्टीच्या दिवशी मी बाबांबरोबर ओलीत करायचे, भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायचे. विहिरीजवळचा वाफा आधी भरतो. मग पुढच्या वाफ्याचं तोंड उघडलं की पहिल्यातलं पाणी पुढे सरकतं आणि पहिला उघडा पडतो. पाणी वावरातच असतं, पहिल्या वाफ्यात नसतं इतकंच. एवढं अवघड वाटणारं शास्त्र आपल्या पाण्याच्या दांडातून वाहताना आपण रोज बघतो, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. आता मी तोच धडा अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते, आणि दरवर्षी वाफ्यांपासूनच सुरू करते.

आईचं या औषधांशी आणखी एक नातं होतं. तिला लग्नानंतर मिरगीचा त्रास सुरू झाला. दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला फेनोबार्बिटोनची गोळी लावून दिली. तीही याच घराण्यातली, पण स्वभावानं संथ. थायोपेंटोन झटक्यात येतं आणि जातं. ही गोळी रोज थोडी थोडी साठून मेंदूला शांत ठेवते. ती सुरू झाल्यापासून आईला झटका आला नव्हता. मी तर तो कधी बघितलाच नव्हता. एक लहानशी गोळी आईनं रोज जेवल्यावर घ्यायची आणि पदरानं तोंड पुसायचं, एवढंच मला माहीत होतं.

मला अकोल्याला कायमची नोकरी लागली त्या वर्षी आईनं नवरात्राचा नवस फेडायचा ठरवला. अमरावतीच्या देवीला ती बोलली होती म्हणे, पोरीले नोकरी लागली तं नऊ दिवस अनवाणी राहीन आणि पोटात पाण्याशिवाय काही जाऊ देणार नाही. मी फोनवर वाद घातला. "माय, थोडंसं फळ तरी खाय."

"तू नको सांगू. तुया शिक्षणात मी देवीले कधी सांगतलं काय, की इले सोपा पेपर देजो? तुया भागाचं तू केलं. आता माया भागाचं मले करू दे."

सातव्या माळेला सकाळी बाबांचा फोन आला. आईला झटके येत होते, एक थांबायच्या आत दुसरा. दर्यापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन लगेच अकोल्याला पाठवलं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. गाडीतून तिला उतरवलं तेव्हा तिचे तळपाय मला आधी दिसले. चिखलानं भरलेले, टाचांना भेगा, आणि तेही हलत होते, न थांबता.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी एकामागून एक दोन औषधं दिली. झटके कमी झाले, थांबले नाहीत. मग त्या बाहेर आल्या. मी काय शिकवते हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे सरळ बोलल्या.

"मेंदू असाच पेटलेला राहिला तर पेशी मरायला लागतील. त्याला पूर्ण झोपवावं लागेल. थायोपेंटोन."

"म्हणजे श्वास..."

"श्वास आम्ही मशीनवर घेणार. त्या औषधाचा जो धोका आहे, त्याची तयारी आधी करायची आणि मग त्याचा जो गुण आहे तो वापरायचा."

हे वाक्य मी अजून वर्गात सांगते.

पारदर्शक दाराआडून मला सिस्टर दिसल्या. त्यांनी लहानशा बाटलीत पाणी सोडलं, बाटली हलवली, आणि पिवळट रंग झाला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल वाचत आणि सांगत आले होते ते औषध मी पहिल्यांदा बघत होते. मॅडमनी घशात नळी घातली, मशीन लावलं, पिवळं पाणी शिरेत गेलं. आईचे पाय थांबले. हात, मग जबडाही. सकाळपासून सगळ्या अंगाला हिसडे देत असलेलं ते वादळ निमूट झालं. भिंतीला टेकून मी रडले. त्या रडण्यात भीती होती, आणि खोटं कशाला लिहू, कौतुकही होतं. कुणीतरी कधीतरी एका षटकोनात गंधक बसवला, आणि त्याच्यामुळे माझ्या आईच्या मेंदूतली आग विझत होती.

नंतर तेच औषध पंपानं थेंबाथेंबानं सुरू राहिलं. पडद्यावर तिच्या मेंदूच्या लहरी दिसायच्या. रेघ थोडी उसळायची, मग बराच वेळ सपाट राहायची, पुन्हा उसळायची. मॅडमना अगदी तेवढंच हवं होतं. झोपलेल्या मेंदूला प्राणवायू आणि साखर कमी लागते, डोक्यातला दाब उतरतो, म्हणून डोक्याला मार लागलेल्या काही पेशंटांनाही हे देतात, असं त्यांनी बाबांना सांगितलं. ऑपरेशनसाठी झोपवायला आता दुसरी औषधं आली आहेत, याचा वापर कमी झालाय; पण अशा वेळी याची आठवण होते. जुन्या जाणत्या माणसाबद्दल बोलावं तशा त्या बोलत होत्या.

घटाला माळ चुकवायची नाही म्हणून आठव्या माळेला बाबा काळीपिवळी जीपनं घरी गेले. परत आले ते शर्टाच्या खिशात हात घालूनच.

"हे घटापाशी ठेवेल होतं," ते म्हणाले.

गोळ्यांची पाकिटं होती, न फोडलेली. नवस म्हणजे पोटात काहीच जाऊ द्यायचं नाही, मग गोळी तरी कशी चालेल? तिनं ती देवीपुढे ठेवली होती. या नऊ दिवसांची राखण तुझ्याकडे, असं. हे ती मला सांगणं शक्य नव्हतं, मी घेऊ दिलं नसतं.

इतकी वर्षं रोज मिळणारं शांत करणारं औषध एकदम बंद झाल्यावर मेंदू उसळून उठतो. मॅडमनी पाकिटं हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "हे कळलं ते फार बरं झालं. मेंदूत गाठ नाही, ताप नाही, आणि आता कारणही सापडलं. अशा पेशंटांची आशा जास्त असते." त्याच दिवशी नाकातल्या नळीवाटे आईची गोळी पुन्हा सुरू झाली.

दसऱ्याला पंप बंद केला. आता ती उठेल असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. उठली नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. तेव्हा मामा आले. आईचे थोरले भाऊ, आवाजानं मोठे, तिच्यावर जीव टाकणारे. सिस्टर आईच्या डोळ्यात बॅटरी मारत होत्या ते त्यांनी पाहिलं. बुबुळ हललं नाही. पडद्यावरची सपाट रेघही पाहिली. बाहेर येऊन ते बाबांसमोर उभे राहिले.

"दाजी, काहून ठेवलं तिले अथी? औषध बंद होऊन किती दिस झाले? थे गेली. मशीन श्वास घेऊन रायली. घरी न्या तिले, आपल्या अंगनात तरी जाऊ द्या."

"मामा, असं नोका बोलू," मी म्हणाले.

"तू गप वं माय. तू पुस्तकात शिकली. मी मानसं पायले."

मामा दुष्ट नव्हते. आमच्याकडे माणूस शेवटी घरी असावं, दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर नसावं, यालाच माया म्हणतात. पण घरी नेणं म्हणजे मशीन काढणं, आणि मशीन काढणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. सही बाबांची लागणार होती. मामांच्या बोलण्यानं बाबा हलले होते, मला दिसत होतं.

मी मॅडमना बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, "या औषधाचा अंमल असताना मेंदूबद्दल कुठलाही निकाल द्यायचा नसतो. डोळ्यांवरून नाही, रेघेवरूनही नाही. औषध उतरू द्या. मग मी तुम्हाला जे असेल ते खरं सांगेन."

"पन एका सुईनं तं मानूस घडीभरात उठते," मामा म्हणाले. "हे तं तुमीच सांगता. माही बहीन अपेंडिसच्या टायमाले तवाच उठली होती."

प्रश्न योग्य होता. मी बाबांजवळ बाकावर बसले.

"बाबा, विहिरीपासचा वाफा भरला आन लगेच मोटर बंद केली, तं काय होते?"

"पानी पुढं जाते. वाफा रिकामा होते."

"आन मोटर दोन दिस चालूच ठेवली तं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "सारे वाफे तुडुंब होईन."

"मंग पहिल्यातलं पानी कोठी जाईन?"

"कोठी जाईन? जागाच नाही. जिथल्या तिथं मुरन, तवा कमी होईन."

"तसंच झालं मायचं. अपेंडिक्सच्या वक्ती एक सुई होती. आता दिवसरात्र पंप चालला. तिचे सारे वाफे भरले. चरबीतलं औषध हळूहळू रक्तात येऊन रायलं, तेच पुन्हा मेंदूत जाऊन रायलं. लिव्हर थोडं थोडं संपवते, तितकंच कमी होते."

"आन तिचं आंग भरेल," बाबा हळूच म्हणाले.

"हो. चरबी जास्त, म्हणून वेळही जास्त."

मामा उभे होते ते बसले. मॅडम दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. ते कापूस-सोयाबीनवाले, पाण्याचे वाफे त्यांच्याकडे नाहीत. पण पुढचं बाबा त्यांनाच म्हणाले.

"भाऊ, तुमच्या काळ्या वावरात पानी साचल्यावर तुमी काय करता? दुसऱ्या दिसी वखर घालता काय?"

"वेडा हाये काय मी? माती मोडन सारी. पानी मुरून वाफसा आल्याबिगर बैल नाही घालत."

"किती दिसात येते वाफसा?"

"हलक्या रानात लवकर येते. काळ्यात..." मामा थांबले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काळ्यात कोनाच्या बापाले सांगता येत नाही."

"मंग," बाबा म्हणाले. "माह्याकून सही होत नाही."

मामा घरी गेले नाहीत. बाहेरून तिघांना चहा घेऊन आले आणि आमच्याच बाकावर राहिले.

त्यानंतर आम्ही वाट पाहिली. वाट पाहणं म्हणजे नुसतं बसणं नव्हतं, हे मी त्या विभागात शिकले. सिस्टर तिची कूस बदलायच्या, तोंड पुसायच्या, घशातला कफ ओढायच्या आणि प्रत्येक वेळी तिच्याशी बोलायच्या. "काकू, आता या अंगावर हं." ऐकू येत नसलेल्या माणसाशी इतकं नम्रपणे बोलताना मी पूर्वी कुणाला पाहिलं नव्हतं. औषधानं आई वाचली असं मी म्हणते, तेव्हा त्यात हे सगळं धरून म्हणते. ते औषध एकटं काही करू शकत नाही. ते माणसाला पूर्णपणे दुसऱ्यांच्या हवाली करतं, आणि ते हात चांगले असावे लागतात.

बाबांना आत थोडाच वेळ सोडायचे. त्यांनी सिस्टरांना विचारून टाचांच्या भेगांना खोबरेल लावायला सुरुवात केली. अनवाणी चालून तळवे चिरले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाबांनी आईच्या पायाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. एका दुपारी ते तसं तेल लावत होते. मोठ्या भेगेवर त्यांचा अंगठा जरा जोरात दाबला गेला.

आईनं पाय मागे घेतला.

फार नाही. वीतभरही नाही. बाबा तसेच वाकलेले राहिले, हातात तेलाची बाटली. "सिस्टर," ते म्हणाले, "हे पाहा तं... इनं पाय ओढला."

मॅडम आल्या. त्यांनी तळव्यावरून बोट ओढलं, नखावर पेन दाबलं. पाय पुन्हा मागे गेला. मग त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि बुबुळ हळूच, आळसावल्यासारखं, आकसलं. त्या आमच्याकडे वळल्या. बाकावरून उठून दारात आलेल्या मामांकडे बघून त्या म्हणाल्या, "आला तुमचा वाफसा."

मामांनी टोपीनंच डोळे पुसले.

तिथून पुढे एकेक गोष्ट परत येत गेली. आधी नळीवर खोकली. मग मशीनशी भांडून स्वतःचा श्वास घेऊ लागली. मग डोळे उघडले, पण ओळख नव्हती. मग ओळखही आली. नळी काढल्यावर घसा बसलेला होता. आम्ही तिघं खाटेभोवती उभे होतो. तिनं एकेकाकडे पाहिलं, नाकातली बारीक नळी चाचपली, आणि तिचं पहिलं बोलणं ऐकायला बाबा खाली वाकले.

"घट हालवला काय?"

"हालवला," बाबा म्हणाले. "दसऱ्याले मीच जाऊन हालवला. सारं रीतीनं झालं."

आईनं डोळे मिटले. तिच्या लेखी नवस पुरा झाला होता. थोड्या वेळानं तिनं तळहात पुढे केला.

"मंग द्या आता माही गोळी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घट हलायच्या आधीच, आठव्या माळेपासून, तीच गोळी रोज त्या नाकातल्या नळीतून तिच्या पोटात जात होती. सांगू नका, अशी मी मान हलवली. मामा खिडकीबाहेर बघू लागले. बाबांनी खिशातून ते घटापुढचं पाकीट काढलं, सिस्टरांकडे बघितलं, त्यांनी होकार दिल्यावर एक गोळी फोडली आणि आईच्या तळहातावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. "देवीनं परत देल्ली."